तिसऱ्या खणातली रायफल

१

बुधवारी सकाळी सिद्धीचा फोन आला तेव्हा वत्सलाबाई एका कवळीचा टोचणारा कोपरा घासत होत्या.

डिचोलीच्या बाजारात त्यांची दातांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा हा पाटीवरचा शब्द. खरं म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी आणि एक करकरणारी खुर्ची, इकडच्या भाषेत कदेल. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि बाई दात करून द्यायच्या. तीस वर्षं हाच उद्योग. कवळी टोचू लागली की लोक डॉक्टरला टाळून थेट त्यांच्याकडे यायचे, आणि कुणाच्या घरात काही हरवलं, कुणी कुणाला फसवलं, तरी त्यांच्याकडेच यायचे. बाई म्हणत, मी तोंडात बघते, आणि तोंड उघडं ठेवून माणसाला फार वेळ खोटं बोलता येत नाही.

"मावशे, माझी रायफल कोणीतरी उघडल्यान गो!" सिद्धी रडत होती. ती चोपड्याची, त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बावीस वर्षांची, आणि नेमबाजीच्या पायी घरच्यांच्या नाकी नऊ आणणारी.

"उघडली म्हणजे? मोडली?"

"मोडूक नाय. पण गोळी भलतीकडेच जाता. आयतवारी निवड आसा, क्लबातसून एकच जागा. आणि अमोलवकील म्हणतत, पाच वाजता पोलिसांत तक्रार करतलंय. मगे रायफल पोलिसांकडे जातली. मी काय काठी घेवन नेम धरू?"

वत्सलाबाईंनी कवळी पाण्याच्या वाटीत टाकली. थैलीत आपली चार हत्यारं भरली, कारण हत्यारांशिवाय घराबाहेर पडलं की त्यांना चपला विसरल्यासारखं वाटे. पाच वाजायला अजून पुष्कळ वेळ होता, पण डिचोलीहून मोपाचं पठार काही जवळ नव्हतं.

२

पठारावर, विमानतळाच्या बरंच अलीकडे, जांभ्या दगडाच्या भिंतींत क्लबची रेंज होती. डोक्यावरून विमान गेलं की नेमबाज थांबत आणि ते गेलं की पुन्हा डोळा लावत.

सचिव अमोल हे पेडण्यातले वकील. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना समोर न्यायाधीश बसलाय असं धरून बोले.

"हे पाहा बाई, क्लबकडे दोन जुन्या विलायती रायफली आहेत. एकाच बनावटीच्या, जुळ्या बहिणी म्हणा. एक सिद्धीकडे, एक निलेशकडे. जागा एक. सिद्धीच्या रायफलीत कुणीतरी ढवळाढवळ केली. आता संशय कुणावर जाणार, तुम्हीच सांगा."

"मी अजून रायफल बघितली नाही," बाई म्हणाल्या. "गो, पहिल्यापासून सांग."

सिद्धीनं सांगितलं. खंडेनवमीला सगुणनं, म्हणजे रेंजच्या राखणदारानं, सगळ्या रायफली कपाटातून काढून चटईवर मांडल्या होत्या. झेंडूची फुलं, हळदकुंकू, आरती, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी दसरा, तेव्हापासून सोमवारपर्यंत रेंज बंद. काल मंगळवारी ती आली, कपाट उघडलं. रायफल तिच्या चौथ्या खणात नव्हती, तिसऱ्यात होती.

"तिसरो निलेशचो. सगुणदादा पूजेनंतर दरवर्साक असोच घोळ घालता," सिद्धी म्हणाली. "मी माझी काढून घेतली. दस्त्यावर चरा आसा, आंधळेपणी वळखीन. तीन गोळये मारले. तिनय खाली, डाव्या अंगाक. मगे माझ्या डाव्या हाताक काळा लागला."

डावा हात जिथे असतो ते नळीखालचं लाकूड. क्लबात त्याला फोरआर्म म्हणतात. या जातीच्या रायफलीत तो वेगळाच तुकडा असतो आणि एका स्क्रूवर नळीला धरून राहतो. त्या स्क्रूच्या खाचेत ताजी चमक होती. कुणीतरी पेचकस घातला होता.

"तिन्ही गोळ्या एकमेकींपासून किती लांब?" बाईंनी विचारलं.

"बघितलंय कोणी? माझा डोक्याच फिरला."

"आणि मी ताबडतोब गोळीबार थांबवला," अमोल म्हणाले. "नळी फुटली तर जबाबदार कोण?"

लक्ष्यांच्या बाजूनं एक पन्नाशी उलटलेला माणूस दोरीचं भेंडोळं घेऊन आला आणि बाईंना बघून हसला. डिचोलीकडच्या पाळी गावचा विठू, निलेशचा बाप. खाण बंद झाल्यापासून पिकअप चालवायचा, मुलाला रेंजवर सोडायचा आणि तो सुटेपर्यंत लक्ष्यं पुढेमागे नेणाऱ्या कप्प्या दुरुस्त करत बसायचा. पैसे घेत नसे.

"दात कसे आहेत विठूभाऊ?"

"आता बरे, बाय. तुमी खालसून भर घातलात आणि बसले. मीया तेवाच सांगितललंय, क्रशर काय नि तोंड काय, चावूचा तर सगळीकडे सारखो टेको व्हयो." तो भेंडोळं सरसावत म्हणाला, "ही दोरी बघा, सोमवारी घातलंय, आताच सैल झाली."

तो निघून गेला. वत्सलाबाई त्याच्या पाठमोऱ्या सदऱ्यावरच्या जुन्या तांबड्या डागांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

३

सगुण घाबरून अर्धा झाला होता. बाईंनी त्याला आधी बसायला सांगितलं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे?"

"एक वकिलांकडे, एक माझ्याकडे. माझी थंय खिळ्याक, गणपतीच्या फोटोखाली."

"रात्री?"

"रात्री उशाखाली. दुपारी खिळ्याक."

"दुपारी तू काय करतोस?"

सगुणनं वकिलांकडे चोरून बघितलं. "जेवन मातसो आडवो पडतंय. दीड ते चार. आक्ख्या गोंयात सगळेच पडतत बाय, मी एकलोच काय?"

यात खोटं काही नव्हतं. दुपारी दीडनंतर पेडण्यात दुकानाचं दार वाजवणाऱ्याला लोक परप्रांतीय समजतात.

"सुट्टीच्या दिवसांत कोण कोण आलं?"

"कोण येवक नाय. शपथ. माणूस म्हणून फिरकूक नाय."

निलेशनं मात्र बसायला नकार दिला. उंच, सडसडीत, जबडा आवळून धरणारा मुलगा. असे लोक झोपेत दात खातात, हे बाईंना बघताक्षणी कळलं आणि त्याची दया आली.

"मी तिच्या रायफलीला हात लावलेला नाही. काल माझी चौथ्या खणात होती, काढली आणि मारलं. मला दोन्ही रायफली अंधारातही ओळखता येतात."

"तुझी कशी चालते?"

"तिची चालायची तशीच. पहिल्या चार-पाच गोळ्या बऱ्या. मग नळी तापली की उजवीकडे सरकायला लागते. लाकूड पावसाचं फुगलंय, कुठेतरी नळीला टेकतं."

"मग कुणाला दाखवत का नाहीस?"

"मी माझ्या रायफलीला कुणाला हात लावू देत नाही. घरच्यांनाही नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी ठरवलंच आहे ना मी चोर? मग घाला मला तुरुंगात."

तो गेला. अमोलांनी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते.

"तक्रारीचा मसुदा मी तयार ठेवलाय," ते म्हणाले. "नाव तेवढं घालायचं बाकी आहे."

४

वत्सलाबाईंनी टेबलावर पांढरं फडकं पसरलं आणि सिद्धीला फोरआर्म काढायला सांगितला. एक स्क्रू, आणि लाकूड हातात आलं.

आतली खाच त्यांनी उजेडाकडे धरली. मागच्या टोकाला, चार बोटांच्या लांबीत, लाकडावर करड्या निळसर रंगाचा टणक थर होता. गुळगुळीत. नळीच्या पोटाचा हुबेहूब ठसा त्यात उमटला होता. कडेच्या फटींत काळं काहीतरी लागलं होतं. बाईंनी नखानं काढून वास घेतला.

"बुटाचं पॉलिश. थर नळीला चिकटू नये म्हणून आधी नळीला फासलंय. मीही साच्याला असंच काहीतरी फासते."

त्यांनी थैलीतून निळा कागद काढला. कवळी कुठे उंच लागते ते बघायला हाच कागद दातांत धरून चावायला लावतात. तो नळी आणि लाकडाच्या मधे घालून सिद्धीनं स्क्रू आवळला, पुन्हा उघडला. थरावर निळा रंग सगळीकडे सारखा उमटला होता, कुठे गडद नाही, कुठे फिका नाही. त्याच्या पुढे मात्र नळी आणि लाकूड यांच्यात बारीक फट ठेवलेली, कागद अडथळ्याशिवाय सरकत होता.

बाईंनी थरावरून अंगठा फिरवला. तीस वर्षांत अशी बैठक त्यांच्या हातून फार तर दहा वेळा साधली असेल.

"सिद्धी, दहा गोळ्या मार."

"नाही!" अमोल उठले. "पुरावा आहे तो!"

"वकीलसाहेब, नळीला ओरखडा नाही, घोड्याला हात नाही. फक्त लाकडात भर घातलीय. फुटलीच तर मी तुमचे सगळे दात फुकट करून देईन."

सिद्धी पालथी झोपली. दहा वेळा आवाज झाला, मधे एक विमान गेलं. लक्ष्य सरकत आलं. भोकं खाली डावीकडेच होती. पण दहाच्या दहा एकमेकांना चिकटून. बाईंनी पाकिटातून एक रुपयाचं नाणं काढून वर ठेवलं आणि सगळी भोकं झाकली गेली. भिंतीवर सिद्धीचं आजवरचं सर्वांत चांगलं लक्ष्य टांगलेलं होतं. ते झाकायला लिंबू लागलं असतं.

सिद्धीनं नाणं उचलून पुन्हा ठेवून बघितलं. नेम धरायच्या साइटचे चार क्लिक फिरवले की हीच दहा भोकं मधोमध बसणार होती, हे तिला कळत होतं.

"मावशे," ती म्हणाली, "ही बिघडवक नाय कोणी. ही सुधारल्यान!"

अमोल खुर्चीत बसले. "पण कोण? आणि चोरून कशाला? प्रतिस्पर्ध्याची रायफल चोरून सुधारणारा माणूस मी उभ्या वकिलीत बघितलेला नाही."

"तेच मला खातंय," वत्सलाबाई म्हणाल्या.

५

दुपारी सगुण आडवा झाला, अमोल खुर्चीतच पेंगले, आणि वत्सलाबाई फोरआर्म घेऊन सावलीत बसल्या.

थर साध्या एपॉक्सीचा, म्हणजे सुकून दगड होणाऱ्या डिंकाचा, नव्हता. जड होता. त्यात कसलीतरी बारीक पूड मिसळलेली होती, त्यामुळे थर नुसत्या एपॉक्सीपेक्षा टणक होतो आणि आकसत नाही. बाईंनी कडेचा एक कण खरवडला. मग थैलीतून पोर्सिलेनचा एक दात काढला, भट्टीतला, अजून चकाकी न चढवलेला, खरबरीत. करडा कण त्या पांढऱ्या दातावर घासला.

रेघ उमटली ती लालभडक.

बाईंनी दात सिद्धीला दाखवला. "दिसायला निळसर आणि घासलं की लाल. काय असतं हे?"

सिद्धी चोपड्याची, नदीकाठची. तिला खारं पाणी आणि मासळी माहीत. "काय गो?"

"डिचोलीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचार. खनिज. खाणीवर याला ब्लू डस्ट म्हणतात. कपड्याला लागलं की जन्मात जात नाही." त्यांनी दात फडक्यात गुंडाळला. आता त्यांना नाव माहीत होतं, आणि ते माहीत झाल्याचं वाईट वाटत होतं. "चार वाजता सगळ्यांना ऑफिसात बोलाव. विठूभाऊंनाही."

६

विठू दारातच उभा राहिला, पायाला माती आहे म्हणाला. निलेश जनेलापाशी, खिडकीबाहेर बघत, सगळ्यांकडे पाठ करून.

"सगुण," बाई म्हणाल्या, "सुट्टीत कोणी आलं नाही म्हणालास. मग सोमवारी कप्पीला नवी दोरी कुणी घातली?"

"ती विठून," सगुण सहज म्हणाला. "शनिवारी पण इललो. पण तो काय येणारो माणूस? तो घरचोच."

अमोलांनी दाराकडे बघितलं.

"मी सकाळपासून एकाच प्रश्नात अडकले होते," वत्सलाबाई म्हणाल्या. "सिद्धीची रायफल सुधारावी असं कुणाला वाटेल? उत्तर असं, की कुणालाच वाटलं नाही. ज्यानं हे केलं त्याला ती सिद्धीची आहे हे माहीतच नव्हतं. पूजेनंतर सगुणनं रायफली उलटसुलट ठेवल्या. सोमवारपर्यंत सिद्धीची रायफल तिसऱ्या खणात होती, आणि तिसरा खण निलेशचा. हे काम करणाऱ्याला खणाचा आकडा माहीत होता, रायफल ओळखता येत नव्हती. म्हणजे निलेश नव्हे, तो अंधारातही ओळखतो."

निलेश वळला.

"थरात खाणीतली पूड आहे. खनिज फोडणाऱ्या क्रशरच्या आतली लोखंडी पाटी बसवताना तिच्या मागे एपॉक्सी ओततात, ती केसभरही हलू नये म्हणून. ते काम येणारा माणूस, सुट्टीत दोनदा इथे आलेला माणूस. शनिवारी थर भरला, सोमवारी उघडून घासला. आणि निलेशचं भलं व्हावं असं ज्याला मनापासून वाटतं तो माणूस." त्यांचा आवाज मऊ झाला. "विठूभाऊ, टेका सगळीकडे सारखा बसलाय. असं काम मी दुसऱ्या कुणाच्या हातचं आजवर बघितलं नव्हतं."

विठूनं टोपी काढली. नाकारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"तिची?" तो एवढंच म्हणाला. "ती रायफल तिची होती?"

"बाबा!" निलेश ओरडला. "मी नको म्हटलं होतं! हजारदा सांगितलं, हा क्रशर नव्हे, हात लावू नको!"

"सांगितललंस. म्हणान तर दुपारी आयलंय, सगुण निजललो, खिळ्यावरची किल्ली घेतलंय." विठू टोपीशी चाळा करत होता. "तू लाकडाक शिव्या घालीत घरी येयस. माका दिसता होता काय चुकता ता. खाण बंद झाल्यार ह्या हातांनी काय बसवक नाय रे मी. नुसतो पिकअपचो चाक धरून आसंय. वाटला, एकदा करून ठेवया, तुका कळाचासुद्धा नाय." मग तो सिद्धीकडे वळला. "बाय, चूक माझी. पोराचा नाव घालू नकात. माझा घाला."

अमोल खाकरले. कागद त्यांच्यापुढे होता आणि ते पेन फिरवत होते. त्यांनाही आता ते नाव लिहवत नव्हतं. "परवाना नसलेल्या इसमानं शस्त्र हाताळलं. सचिव म्हणून मला..."

"वकीलसाहेब," सिद्धी म्हणाली, "लाकूड म्हणजे शस्त्र?"

अमोल थांबले. "लाकूड हे स्वतंत्रपणे पाहिल्यास... नाही."

"दुरुस्तीच्या वहीत नेमबाजाची संमती लागता ना? आणा वही. आजची तारीख घाला. माका आज कळला, आज माझी संमती."

वकिलाला एवढं पुरलं. त्यांनी मसुद्याचे चार तुकडे केले आणि वही पुढे सरकवली. त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव होता, तो त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

सिद्धीनं सही केली. पेन खाली ठेवलं आणि निलेशकडे बघितलं.

"आता तुझी दी काकांकडे."

"मला उपकार नकोत," निलेश म्हणाला.

"उपकार माझ्यावर झाले हत. तुझ्या बापाचो हात माझ्या रायफलीत आसा आणि तुझ्या नाय. असो सामनो माका जिंकूचो नाय."

 निलेश कपाटाकडे गेला, आपल्या खणातून रायफल काढली आणि स्वतःच्या हातानं फोरआर्मचा स्क्रू उघडला. लाकूड बापापुढे धरताना त्यानं मान वर केली नाही.

"सुकायला किती वेळ लागतो, बाबा?"

बापाच्या कामाबद्दल त्यानं विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा, कारण विठूनं टोपी खाली ठेवली, लाकूड दोन्ही हातांत घेतलं आणि मगच उत्तर दिलं.

"एक दीस. पण दोन ठेवया."

७

रविवारी वत्सलाबाई डिचोलीहून पहिल्या बसनं आल्या. रेंजवर अर्धं पेडणं जमलं होतं, आणि विठू शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. तो कुणाच्या बाजूनं बघतोय हे त्याला स्वतःलाही कळत नसावं. सिद्धीची गोळी बरोबर लागली की तो हुश्श करी, निलेशची लागली तरी तेच.

साठ गोळ्या झाल्या. अमोलांनी लक्ष्यं दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा. निलेश पाचशे सत्त्याऐंशी. सिद्धी पाचशे शहाऐंशी.

सिद्धी भिंतीआड गेली आणि मावशीच्या खांद्यावर ढसाढसा रडली. वत्सलाबाईंनी तिला रडू दिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. भाचीनं बुधवारी गप्प राहायला हवं होतं असा एक हलकट विचारही त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"पस्तावलीस गो?"

"थोडी," सिद्धी नाक पुसत म्हणाली. "थोडी नाय, पुष्कळ."

मग तिनं तोंड धुतलं आणि बाहेर आली. निलेशभोवती गर्दी होती, पण विठू तिकडे गेला नव्हता. तो बाकावरच होता, आपण सिद्धीचा दुसऱ्यांदा गुन्हा केला अशा चेहऱ्यानं. ती समोर येताना दिसली तसा तो धडपडत उभा राहिला.

"बाय, तुझी मातशी उणी बसली काय गो? पयली होती, घाईत केललंय, कदाचित कडेक..."

"नाय काका." सिद्धीनं आपला डावा हात पुढे केला. "दोनय सारखेच बसल्यात. छप्पनावी गोळी मी घाईन सोडलंय. तो एक गुण ह्या हातानं घालवल्यान, तुमच्या नाय."

विठू खाली बसला आणि तोंड टोपीत घालून रडू लागला. गर्दीतून निलेश वाट काढत आला, बापाशेजारी बाकावर बसला आणि त्याचं रडणं संपेपर्यंत तिथून उठला नाही.